तिसऱ्या बेसपाशी

फटके भरपूर आणि धावा मात्र सगळ्या संघांत कमी, अशी आमच्या आयोवातल्या बेसबॉल संघाची गत होती. अख्खं गाव फलंदाजांना शिव्या घालत होतं. आकडेवारी पाहणाऱ्या रेनाटाने सगळे सामने पुन्हा तपासले आणि ती हार्लनकडे गेली. धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यावर, तिसऱ्या बेसपाशी उभं राहून धावणाऱ्याला ‘थांब’ की ‘पळ’ हे सांगणारा आमचा म्हातारा प्रशिक्षक तो.

“फलंदाज चोख खेळतायत,” ती म्हणाली. “धावा तुमच्यापाशी अडकतायत. तुम्ही पोरांना फार थांबवता.”

“पळवलं आणि बाद झाला, तर लोक मला फाडून खातील, पोरी.”

“काही बाद होतीलच. तरीही धावा वाढतात.”

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात हार्लनने जोरात हात फिरवून तिसऱ्या बेसकडे धावत आलेल्या वेस्लीला पुढे पिटाळलं. धाव जिथे पुरी होते त्या होमच्या जरा अलीकडे वेस्ली बाद झाला. प्रेक्षकांनी हार्लनचा उद्धार केला. रेनाटाने मान खाली घातली.

पुढच्या फटक्यावर दोन पोरं एकामागोमाग धावत आली. हार्लनने पहिल्यालाही थांबवलं नाही. तो सुखरूप होमवर पोचला, पण हार्लनने ते पाहिलंच नाही. तो पाठ फिरवून मागून येणाऱ्या दुसऱ्याला हाताने बोलावत होता.