नव्या औषधाची चाचणी

बायको गेल्यापासून श्रावणजी चांदूर रेल्वेहून अमरावतीला केमोसाठी एकटेच येत. कॅन्सरवर नवं औषध सापडल्याची बातमी कोणी दाखवली, की म्हणत, "असं औषध पेपरातच निंगते, आपल्यापर्यंत नाही येत."

त्यामुळे नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असं डॉक्टर मॅडमनी विचारताच ते पिशवी घेऊन उठलेच.

"मले नका सांगू, मॅडम. माहा भरोसा नाही."

"बरं काका, जबरदस्ती नाही," मॅडम म्हणाल्या. "आमची सिस्टर रोज सकाळी फोन करून विचारणार होती, रात्री झोप लागली का, जेवण गेलं का. चाचणीत नसाल, तर तेवढं राहून जाईल."

श्रावणजी परत खुर्चीवर बसले.



"रोज येईन ना फोन? मंग लिहा माहं नाव."