मागच्या ब्रेकचा पाइप

लष्कराने मोडीत काढलेला ट्रक बाबांनी हट्टाने लिलावात घेतला. नोकरीत तोच चालवायचे ते. पुलावर त्याच्याखाली सात माणसं गेली, पण चौकशीत बाबा सुटले. मागच्या ब्रेकचा पाइपच गळून पडलेला, मग ब्रेक लागणार कुठून?

मी मेकॅनिक. ट्रकखाली शिरले. “बाबा, असला पाइप आता मिळायचा नाही.”

बाबांनी आपल्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला एक पाइप आणून दिला. त्याचा प्रत्येक वाक जिथल्या तिथे बसला. दोन्ही टोकांचे नट शाबूत होते, पान्याने नीट सोडवलेले.

मी ते आवळले. बाबा वर सीटवर बसले होते.

“दाबा ब्रेक.”

पेडल दबलंच नाही.

“पायच हलत नाहीये गं,” बाबा म्हणाले. “त्या दिवशीही असंच झालं होतं.”