साडेसहाचं कार्ड

“तुमच्या मुलीचं कार्ड सकाळी साडेसहाला पंच झालंय,” कारखान्याचा सुपरवायझर उंबऱ्यातूनच म्हणाला. “पॅकिंगच्या खोलीतलं कुणी वाचलं नाही. सगळं जळालं. ओळख पटवायला एकाला यावं लागेल.”

आईच्या हातातली इस्त्री होती तिथंच राहिली. गिऱ्हाइकाचा शर्ट करपल्याचा वास सुटला, तेव्हा आवाज ऐकून आलेल्या शेजारणीनं पुढं होऊन बटण बंद केलं आणि तिला खाली बसवलं. बाबा बूट चढवायला वाकले. एक कसाबसा घातला, पण नाडी बांधता येईना. ओळख पटवायची म्हणजे नेमकं काय बघायचं, हे विचारायचा धीर कुणालाच होत नव्हता. मुलीचा फोन बंद होता. आई तरी लावतच होती.

शेजारणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. “रड गं. कोंडून ठेवू नकोस.”

दोघींच्या मुली एकाच टेबलावर रंगाचे डबे भरायच्या. शेजारणीच्या मुलीची आज सुट्टी होती. मैत्रिणीकडे जाते म्हणून ती भल्या सकाळी बाहेर पडली होती. शेजारीण त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. तरी आईच्या मनात आलंच : सुट्टी तिच्याच मुलीची का? माझ्या मुलीची का नव्हती? आपल्याच मनाची तिला भीती वाटली.

जिन्यात पावलं वाजली. कारखान्याची माणसं न्यायला आली, असं वाटून तिनं डोळे गच्च मिटले.

“आई.”

दारात मुलगी उभी होती. धापा टाकत, घामानं निथळत. आईनं धावत जाऊन तिचं तोंड चाचपलं, दंड चाचपले, मनगट घट्ट धरलं.

“कुठं होतीस गं? तुझं कार्ड...”

“दुसऱ्या नोकरीच्या परीक्षेला गेले होते. तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून बोलले नाही. तिथं फोन बंद ठेवायला लावला. बाहेर आले तेव्हा रस्त्यात कळलं.” तिची नजर जमिनीवरून वर येईना. “माझा खाडा पडू नये म्हणून कार्ड घेऊन... माझ्या जागी ती गेली, काकू.”

शेजारीण भिंतीला धरून उठली, पदर सारखा केला.

“चला भाऊजी,” ती बाबांना म्हणाली. “ओळख मी पटवते.”

आईला पुढं होऊन तिला जवळ घ्यायचं होतं. पण काही केल्या मुलीचं मनगट तिच्या हातून सुटेना.