रामनवमीला माणूस हवा

"काका, हे फिरून झाँसीच दाखवतंय," रुपाली म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरचा पडदा यज्ञेश्वरकाकांकडे वळवला.

पहिलं नाव होतं सदर बाजारातल्या, देवीच्या जागरणात गाणाऱ्या एका पार्टीचं, अंतर चारशे मीटर. त्याखाली बँडवाले, मग मऊरानीपूरची रामायण मंडळी, मग ढोलक दुरुस्त करणारा. काकांनी चष्मा वर सरकवून यादी शेवटपर्यंत वाचली. भली माणसं असतील सगळी, ते म्हणाले, पण ह्यांना मराठी कुठलं?

रुपालीचं दुकान ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. दाखले, पेन्शन, परीक्षांचे अर्ज. रेल्वेतून निवृत्त झालेले काका तिच्याकडे वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यापुरते यायचे. यंदा मात्र होळी झाल्यापासून रोज अकराला हजर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं. राममंदिरातलं रामनवमीचं मराठी कीर्तन सात पिढ्या चुकलेलं नाही. त्यासाठी ग्वाल्हेरहून नानासाहेब यायचे, सकाळच्या गाडीने, न चुकता. ते दिवाळीत गेले. त्यांच्या जागी कोणी मिळालं तर कीर्तन होईल. नाही मिळालं, तर यंदापासून बंद.

"कीर्तनातला जाणकार पाहिजे, मराठी," ते म्हणाले होते. "एवढं शोधून दे, पोरी."

रुपालीने 'मराठी कीर्तनकार' असं टाइप केलं आणि विचारलं, ठीक आहे ना? काका म्हणाले, कीर्तनकार असला तर उत्तमच.

तेव्हापासून हे चाललं होतं. तिने शोधात पुणे घातलं, तर यंत्राने झाँसीहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या दाखवल्या. नागपूर घातलं, तर छावणीच्या रस्त्यावरचा संत्र्याच्या रसाचा गाडा. सेटिंगमध्ये जाऊन तिने ठिकाणच बदललं, तर अर्धा तास बरं चाललं आणि चहा पिऊन येईपर्यंत परत 'आपके आसपास'. तिने माउस आपटला. "अरे भैया, झाँसी से बाहर तो निकलने दे," ती पडद्याला म्हणाली. काका हसले. त्याला वाटत असेल, झाँसीच्या माणसाला झाँसीतलंच हवं, त्याचं तरी काय चुकलं?

त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत हाती लागलेली नावं तिने वहीत उतरवून फोन लावले होते. चौदा जण झाले. रामनवमी म्हटलं की कीर्तनकाराचे नऊही दिवस वर्षभर आधी ठरलेले. कोणी गोड बोलून नाही म्हटलं, कोणी झाँसी नक्की कुठे आली, असं विचारलं. एकाने तर यूट्यूबवरचं कीर्तन मोठ्या पडद्यावर लावायचा सल्ला दिला. त्यावर काकांनी समोरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग म्हणाले, "पडदा मान डोलावतो का ग?"

रुपालीला हसू आलं. माणूस मजेशीर. मध्येच एखादी आर्या म्हणायचे, डोळे मिटून, आणि संपली की डोळे उघडून तिच्याकडे बघायचे. रुपालीच्या घरी सासूबाईंपुरतं मराठी उरलेलं. निम्मे शब्द डोक्यावरून जायचे. ती म्हणायची, "बहुत बढ़िया, काका." काका मान हलवायचे आणि खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसायचे.

आता नवमीला चार दिवस राहिले होते. रुपाली यादीचं पान उलटत उलटत अकराव्या पानावर गेली. तिथे इंदूरच्या एका सत्काराची जुनी बातमी होती. शकुंतलाबाई, पन्नास वर्षं नारदीय कीर्तन, वय अठ्ठ्याहत्तर. खाली सत्कार करणाऱ्या मंडळाचा नंबर. मंडळाने घरचा दिला. रुपालीने फोन लावून स्पीकर चालू केला.

पलीकडून जवळजवळ कुजबुज ऐकू आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश सांगितलं की घशाचं ऑपरेशन झालंय, गाणं संपलं. गुडघ्यांमुळे उभंही राहवत नाही.

रुपालीने वही मिटली. पंधरावं नाव.

"चालेल," काका म्हणाले.

तिने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"आपल्याला खुर्ची देऊ," काका फोनकडे वाकून म्हणाले. "गाडीचं तिकीट ही पोरगी काढील. स्टेशनवर मी स्वतः येईन. पूर्वरंग अभंगावर असतो आमच्याकडे, आख्यान रामजन्माचं. सारं आपल्या परिचयाचंच."

रुपालीला वाटलं, बुडत्या माणसाने हाताला लागेल ते धरावं, तसं हे. आवाज गेलेली, बसल्या जागची कीर्तनकार. सात पिढ्यांचं कीर्तन मंडपभर लोकांसमोर असं कुजबुजत संपणार. तिने काकांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, राहू द्या, काका, रामजीला सगळं समजतं. काकांनी हात सोडवून घेतला नाही, पण फोनवरची नजरही हलवली नाही.



"अहो, पण माझ्याने आता एक ओळ म्हणवत नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "एवढ्या लांब येऊन मी करू काय?"

"ऐकायचं," काका म्हणाले. "कीर्तन मीच करतो, एकेचाळीस वर्षं झाली. समोर बसलेल्यांत कीर्तनातलं मराठी कळणारे एकटे नानासाहेब उरले होते."