डावा दात

स्कूटी घसरली आणि कामिनीचे समोरचे दोन दात अर्धे तुटले. नवरा ड्युटीवर, म्हणून तिला सावनेरहून शहरातल्या महाल भागातल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन आल्या त्या सासूबाई, इंदूबाई. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासूबाईंनी आपल्याकडे कधी नीट पाहिलंय, असं कामिनीला वाटलंच नव्हतं.

"दाताच्याच रंगाचं कंपोझिट थरावर थर चढवून दात पुन्हा घडवते," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पण आधी दिसत कसे होते? हसरा फोटो आहे?"

सगळ्या फोटोंत तिचे ओठ मिटलेले. नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "सरळच होते ना?" कामिनीला स्वतःलाही धड आठवेना.

"डावा जरासा लांब होता," मागून इंदूबाई बोलल्या. "त्याची कड गोल होती. हासली का पह्यले तोच दिसे."

"मग आता दोन्ही सारखे करून देऊ का? छान दिसतील."

"नाही बाई," इंदूबाई म्हणाल्या. "होते तसेच करा."

काम झाल्यावर कामिनीनं आरशात पाहिलं. तिचं हसू जसंच्या तसं परत आलं होतं. तिचे डोळे भरून आले. बाहेर पडताना तिनं सासूबाईंचा हात धरला.

"आई, तुमाले इतकं कसं आठवलं?"

"आपल्या घरात दुसरं हासते कोण वं?" इंदूबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाले, तेच तं पाहून राहिली मी."