विसावी

मिसिसिपीतल्या कापूसमळ्याचे मालक रँडल मॅकस्वेन दर रविवारी चर्चच्या पायरीवर गरजायचे, "आमचे गुलाम सोडवायला येणारे हे उत्तरेचे कोण टिकोजीराव? होऊन जाऊ द्या युद्ध!" युद्ध झालंच. ज्यांच्या दारात गुलाम सोडा, धड गायही नव्हती, अशांची पोरं आधी लढायला गेली. मग सक्तीची भरती निघाली, तेव्हा मालकांनी सरकारी कायदा पुढे केला. ज्याच्या मळ्यावर वीस गुलाम, त्याने त्यांच्यावर नजर ठेवायला घरीच थांबायचं.

मालकांकडे बरोबर वीस होते.

त्या हिवाळ्यात स्वयंपाकीण केझाया तापाने फणफणली, तर मालक स्वतः कोंबडीचा रस्सा घेऊन तिच्या खोपटात हजर! "केझाया, जिवाला जप गं बाई. तू माझी विसावी!" इतक्या वर्षांत त्यांनी तिला साधं पाणी विचारलं नव्हतं. रस्सा अळणी होता, पण केझायाने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. अंगात ताकद यायला हवी होती.

पुढच्या रविवारी मालक चर्चमध्ये डोळे मिटून विजयासाठी प्रार्थना करत होते, तेव्हा ती भरदिवसा नदी ओलांडून उत्तरेच्या छावणीत पोचली.

पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, "का पळालीस, मावशी? मालक मारायचा?"

"मारायचे तर रोजच," केझाया ओला घागरा पिळत म्हणाली. "पण त्यांना लढायची भारी हौस हो! एकट्या माझ्यापायी घरी अडकून पडले होते बिचारे."