डाव्या अंगाचं फूल

गुरवाच्या सिद्धलिंगप्पाच्या हाताला वळण म्हणून नव्हतं. कौलाची फुलं लावायची तर देवाच्या दोन्ही खांद्यांना सारखी लावावीत, दोन्ही फुलांना गंध सारखं लावावं आणि मग आधी कुठलं पडतं ते बघायला निवांत मागं सरकावं. हा गडी एक इकडं, एक तिकडं चिकटवायचा आणि धोतराला बोटं पुसून मोकळा व्हायचा. भवानी पेठेतल्या त्या बारक्या वीरभद्राच्या देवळात रुद्राणीअव्वा दर सोमवारी हे बघायची आणि दर सोमवारी त्याला झाडायची.

"बापानं शिकवलं न्हाय काय रं तुला? भिंतीला शेण थापतोय जनू!"

"देव कुटं तक्रार करतोय, अव्वा?"

"त्यो दगडाचा हाय म्हनून तुझं चाललंय."

फुलं तिच्या परसातल्या तगरीची असत. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना आंघोळीला पाणी नव्हतं, तेव्हाही भांडी विसळलेलं पाणी घालून तिनं ते झाड जगवलं होतं. एरवी घरात फूल येत नव्हतं. पूर्वी यायचं. लेक गौरम्मा होती तेव्हा सकाळी फुलवाली दारात थांबायची. गजरा हातानं मोजायचा, कोपरापासून बोटांपर्यंत. गौरम्मा म्हणायची, तुझा हात आखूड, माझ्या हातानं मोज. आणि भांडून चार फुलं जास्त काढायची. आता फुलवाली दारावरून पुढं जायची. तिला हाक मारायची सुनांची छाती नव्हती. अव्वा आत बसून नुसत्या वासावरून ओळखायची, आज मोगरा आहे.

पाच वर्षांपूर्वी गौरम्मानं साखर पेठेतल्या एका तेलगू विणकराच्या पोराशी लग्न केलं. अव्वानं भावकी गोळा करून सांगितलं, माझं दार तिला बंद. बोलली ते बोलली. साखर पेठ काही विलायतेत नव्हती, घटकाभराची वाट. पण चारचौघांत टाकलेला शब्द गिळायचा कसा? माणसांपुढं ती वाकणार नव्हती. वाकवायचं तर देवानं वाकवावं. म्हणून ती मनातल्या मनात दर सोमवारी एकच विचारायची, 'दार बंद ठेवलं ते बरोबर हाय न्हवं? बरोबर असंल तर उजवं फूल पाड. चुकलं असंल तर डावं पाड.' डावं पडलं की ती तशीच उठून लेकीकडं जाणार होती. भावकीला सांगायला तोंड होतं, देवाचीच आज्ञा.

पाच वर्षं उजवंच पडत होतं.

आज तिनं सिद्धलिंगप्पाला झाडलंसुद्धा नाही. सकाळी धाकटी सून शिवबाई भाकरी थापता थापता बोलून गेली होती. वन्संचं बिऱ्हाड भिवंडीला चाललंय, तिकडं मागावर काम मिळालंय, उद्याची गाडी आहे. पोरगी आता तीन वर्षांची झालीय म्हणे. अव्वानं त्या नातीचं तोंडही बघितलं नव्हतं.

फुलं लागली. अव्वानं हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. डाव्या खांद्यावरच्या फुलाला तिनं नजरेनं धरून ठेवलं. पड की रं. एकडाव पड.

उजवं फूल सुटलं आणि देवाच्या पायाशी पडलं.

अव्वाचे खांदे हलायला लागले. सिद्धलिंगप्पानं तिला असं कधी बघितलं नव्हतं. तो घाबरला.

"अव्वा, रडताय कशापायी? उजवा कौल दिलाय की, म्हंजे व्हय! किती वर्सं सांगतोय देव, जावा, लेकीला घिऊन या म्हनून."

रडं जागच्या जागी थांबलं.

"मी काय इच्यारते ते तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? समद्या पेठेला ठावं हाय. लेकीला घरात घिऊ का, हेच की." तो जवळ सरकला. त्याचा आवाज खाली आला. "कुनाला बोलू नगा. तुमचं तोंड बघवत नव्हतं मला. म्हनून पयल्या सोमवारपासनं उजव्या फुलाला मी गंधच लावत न्हाय, निस्तं पान्याचं बोट. वाटलं, आज जाईल, उद्या जाईल. तुमी काय हलंना. देवाचंबी ऐकत न्हाय, असली कसली बाई म्हनायचो मी."

रुद्राणीअव्वा उठली. गाभाऱ्यात शिरली आणि देवाच्या डाव्या खांद्याला तिनं हात घातला. फूल निघेना. इतकं गंध थापलेलं होतं की नखानं खरवडावं लागलं.

मग ती वळली. पदरानं नाक पुसलं आणि सिद्धलिंगप्पाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"पाच वर्सं म्या देवाला बोल लावला, आन् गाढव हितं धोतर नेसून हुबं! चल, हो म्होरं. साखर पेठंत दारात पयला तू जायाचं. गौरीला काय शिव्या घालायच्या त्या तुला घालू दे. माझ्या वाटनीला निस्ती लेक आली पायजे."